सँडी कोफॅक्स: सहा वर्षे चाचपडलेला डावखुरा पिचर

बेसबॉलच्या इतिहासातील सर्वोत्तम डावखुरा पिचर कोण, असा प्रश्न अमेरिकेत निघाला की सँडी कोफॅक्सचे नाव पहिल्या दोन-तीन नावांत येतेच. पण या खेळाडूच्या कारकिर्दीची पहिली सहा वर्षे पाहिली, तर तो इतका मोठा होईल असे कुणालाही वाटले नसते. १९५५ ते १९६० या काळात त्याने ३६ सामने जिंकून दिले आणि ४० सामन्यांतील पराभव त्याच्या नावावर लागले. १९६०चा मोसम संपला तेव्हा तो खेळ सोडण्याच्या विचारात होता. १९६१ साली मात्र त्याने नॅशनल लीगचा ५८ वर्षे जुना विक्रम मोडला.

मधल्या काळात नेमके काय घडले? एवढा वेग असूनही त्याला सहा वर्षे यश का मिळाले नाही? याचे उत्तर काही अंशी त्या काळच्या एका नियमात आहे आणि काही अंशी चेंडू फेकण्याच्या तंत्रात.

आधी थोडे बेसबॉलविषयी

क्रिकेट पाहणाऱ्याला बेसबॉल समजायला फारसा वेळ लागत नाही. पिचर म्हणजे साधारणपणे आपला गोलंदाज. तो टप्पा न टाकता, हात वाकवून चेंडू थेट बॅटरच्या दिशेने फेकतो. बॅटरच्या मागे बसलेला कॅचर तो झेलतो. पिचर आणि बॅटरसमोरची होम प्लेट यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर असते, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडे कमी.

क्रिकेटमध्ये गोलंदाजासमोर यष्ट्या असतात. बेसबॉलमध्ये त्या जागी एक काल्पनिक चौकट असते, तिला स्ट्राइक झोन म्हणतात. होम प्लेटची रुंदी १७ इंच, तीच या चौकटीची रुंदी. चेंडू चौकटीतून गेला आणि बॅटरने तो सोडला, किंवा बॅटरने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, तर तो ‘स्ट्राइक’. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद, याला स्ट्राइकआउट म्हणतात. चेंडू चौकटीबाहेर गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर तो ‘बॉल’. असे चार बॉल झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. याला ‘वॉक’ म्हणतात.

म्हणजे स्ट्राइकआउट ही पिचरची कमाई आणि वॉक हे त्याचे नुकसान. कोफॅक्सची सुरुवातीची सगळी गोष्ट या दोन आकड्यांमध्ये आहे.

ब्रुकलिनचा बास्केटबॉलपटू

सँडीचा जन्म ३० डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. त्याचे जन्मनाव सॅनफर्ड ब्रॉन. तो लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. पुढे आईने आयर्व्हिंग कोफॅक्स या वकिलाशी लग्न केले आणि सँडीने सावत्र वडिलांचे आडनाव घेतले.

शाळेत असताना त्याचा आवडता खेळ बास्केटबॉल होता. लाफायेट हायस्कूलच्या बेसबॉल संघात तो शेवटच्या वर्षी आला, तोही पिचर म्हणून नव्हे, तर पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक म्हणून. या संघाचा एक पिचर होता फ्रेड विल्पॉन, जो पुढे न्यूयॉर्क मेट्स या व्यावसायिक संघाचा मालक झाला. कोनी आयलंड भागातील हौशी संघाचे प्रशिक्षक मिल्ट लॉरी यांनी सँडीला चेंडू फेकताना पाहिले आणि त्याला पिचर म्हणून आपल्या संघात घेतले.

शाळेनंतर तो सिनसिनाटी विद्यापीठात गेला. १९५४च्या वसंतात तो विद्यापीठाच्या बेसबॉल संघातून खेळला. तिथे त्याने ३२ इनिंगमध्ये ५१ स्ट्राइकआउट केले आणि ३० वॉक दिले. चेंडूचा वेग बॅटरना झेपत नव्हता, पण चेंडू कुठे जाईल हे त्याच्याही हातात नव्हते. पुढची सहा वर्षे हेच चित्र कायम राहिले.

करार कसा झाला?

विद्यापीठातील कामगिरीनंतर व्यावसायिक संघांचे लक्ष त्याच्याकडे गेले. न्यूयॉर्क जायंट्सने त्याची चाचणी घेतली, पण चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाऊ लागले. पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाचणीत त्याच्या एका वेगवान चेंडूने कॅचरचा अंगठा मोडला. अखेर ब्रुकलिन डॉजर्सने डिसेंबर १९५४मध्ये त्याच्याशी करार केला. पगार ६,००० डॉलर आणि करारावर सही करण्याचा बोनस १४,००० डॉलर. बेसबॉल जमले नाही, तर या पैशांत शिक्षण पूर्ण करता येईल, असाही हिशेब त्यामागे होता. तेव्हा तो १९ वर्षांचाही झाला नव्हता.

या बोनसमुळेच पुढची अडचण उभी राहिली.

‘बोनस नियम’ काय होता?

अमेरिकन बेसबॉलमध्ये मुख्य संघांच्या मेजर लीगखाली मायनर लीगची मोठी व्यवस्था असते. नवीन मुलगा आधी खालच्या संघांतून खेळतो. तिथे रोज खेळायला मिळते, चुका करायला मुभा असते आणि प्रशिक्षकांना त्याच्यावर काम करायला वेळ मिळतो. तयार झाला की तो वर येतो.

श्रीमंत संघ भरमसाट बोनस देऊन होतकरू मुलांना आपल्याकडे ओढत आणि खालच्या लीगमध्ये राखून ठेवत. याला आळा घालण्यासाठी त्या काळी एक नियम होता. ज्या नवीन खेळाडूला ४,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम देऊन करारबद्ध केले असेल, त्याला दोन वर्षे मेजर लीगच्या संघातच ठेवणे बंधनकारक होते. संघांनी जास्त पैसे देताना दहा वेळा विचार करावा, हा हेतू.

नियमाचा बोजा मात्र खेळाडूवर पडला. ज्याला शाळा-कॉलेजचे मोजकेच सामने पिचर म्हणून खेळण्याचा अनुभव होता, तो कोफॅक्स थेट देशातील एका बलाढ्य संघात येऊन बसला. जॅकी रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला, ड्यूक स्नायडर असे दिग्गज त्या संघात होते. विजेतेपदासाठी झगडणारा संघ अननुभवी मुलावर सामने उधळणार नव्हता. त्यामुळे त्याला सामने मिळेनात आणि नियमामुळे सरावासाठी खालीही जाता येईना.

त्याच्यासाठी जागा करताना डॉजर्सने टॉमी लासोर्डा या दुसऱ्या डावखुऱ्या पिचरला मायनर लीगमध्ये पाठवले. लासोर्डा पुढे डॉजर्सचे यशस्वी व्यवस्थापक झाले. आपल्याला संघाबाहेर काढायला कोफॅक्ससारखा पिचर लागला, असे ते नंतर गमतीने सांगत.

१९५५: पहिला मोसम

२४ जून १९५५ रोजी मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध तो पहिल्यांदा मैदानात उतरला. पहिल्याच बॅटरने हिट मारला. दुसऱ्याने चेंडू हलकेच जवळ टाकला. तो उचलून कोफॅक्सने इतका लांब भिरकावला की तो थेट मैदानाच्या मध्यभागी गेला. त्यानंतर हँक आरनला त्याने सलग चार बॉल टाकून वॉक दिला. तिन्ही बेस भरले. पुढच्या बॉबी थॉमसनला मात्र त्याने स्ट्राइकआउट केले. हा त्याचा मेजर लीगमधील पहिला स्ट्राइकआउट. एका इनिंगमध्ये त्याची ताकद आणि त्याचा दोष, दोन्ही दिसले.

२७ ऑगस्टला सिनसिनाटीविरुद्ध त्याला पूर्ण सामना मिळाला. त्याने केवळ दोन हिट दिले, १४ स्ट्राइकआउट केले आणि डॉजर्स ७-० असे जिंकले. त्या मोसमात त्याचे एकूण स्ट्राइकआउट ३० होते. त्यांतील १४ या एकाच सामन्यातील. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने पिट्सबर्गलाही एकही धाव करू दिली नाही. पण संपूर्ण मोसमात तो फक्त १२ सामन्यांत दिसला.

त्या वर्षी डॉजर्सने यँकीजला हरवून ब्रुकलिनची पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली. कोफॅक्स त्या मालिकेत एकदाही खेळला नाही. तो त्या काळात कोलंबिया विद्यापीठात वास्तुशास्त्राचे वर्ग करत होता.

सहा मोसमांचा लेखाजोखा

- १९५५: २ विजय, २ पराभव, सुमारे ४२ इनिंग, ३० स्ट्राइकआउट, २८ वॉक
- १९५६: २ विजय, ४ पराभव, सुमारे ५९ इनिंग, ३० स्ट्राइकआउट, २९ वॉक
- १९५७: ५ विजय, ४ पराभव, सुमारे १०४ इनिंग, १२२ स्ट्राइकआउट, ५१ वॉक
- १९५८: ११ विजय, ११ पराभव, सुमारे १५९ इनिंग, १३१ स्ट्राइकआउट, १०५ वॉक
- १९५९: ८ विजय, ६ पराभव, सुमारे १५३ इनिंग, १७३ स्ट्राइकआउट, ९२ वॉक
- १९६०: ८ विजय, १३ पराभव, १७५ इनिंग, १९७ स्ट्राइकआउट, १०० वॉक

बोनस नियमाची दोन वर्षे म्हणजे १९५५ आणि १९५६. या दोन मोसमांत मिळून त्याला जेमतेम १०० इनिंग मिळाल्या. नियमित खेळणारा पिचर तेव्हा एका मोसमातच २००हून अधिक इनिंग टाकत असे.

दोन वर्षांनंतरही चित्र फारसे बदलले नाही. व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांना त्याच्यावर भरवसा टाकता येत नव्हता. एखादा सामना उत्तम जाई, पुढच्यात वॉकची रांग लागे, मग तो काही आठवडे बाकावर बसे. १९५७मध्ये त्याने दर इनिंगला एकाहून अधिक स्ट्राइकआउट केले. त्या काळी ही फार दुर्मीळ गोष्ट होती. तरीही त्याला नियमित स्थान मिळाले नाही. न खेळल्यामुळे नियंत्रण येत नव्हते आणि नियंत्रण नसल्यामुळे खेळायला मिळत नव्हते.

लॉस एंजेलिस आणि विचित्र मैदान

१९५८मध्ये डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. ब्रुकलिन डॉजर्सच्या अखेरच्या सामन्यात शेवटचे चेंडू टाकणारा पिचर कोफॅक्सच होता. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचे मैदान तयार होईपर्यंत संघ मेमोरियल कोलिझियममध्ये खेळला. हे मुळात ॲथलेटिक्स आणि अमेरिकन फुटबॉलचे स्टेडियम. बेसबॉलसाठी ते कसेबसे जुळवून घेतले होते. डाव्या बाजूची सीमा होम प्लेटपासून केवळ २५१ फुटांवर होती. तिथे उंच जाळी उभारली होती खरी, पण उजव्या हाताच्या बॅटरला त्या बाजूला उंच फटका मारणे सोपे जाई. डावखुऱ्या पिचरसमोर प्रतिस्पर्धी संघ उजव्या हाताचे बॅटर अधिक उतरवतात. त्यामुळे या मैदानाचा फटका कोफॅक्सला जास्त बसला.

तरी अधूनमधून त्याची चमक दिसत राहिली. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध त्याने १८ स्ट्राइकआउट करून बॉब फेलरच्या एका सामन्यातील विक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्यात कोलिझियममध्ये ९२,७०६ प्रेक्षकांसमोर त्याला संधी मिळाली. त्याने सात इनिंगमध्ये एकच धाव दिली, पण त्याच्या संघाला एकही धाव करता आली नाही. डॉजर्स तो सामना ०-१ असा हरले. मालिका मात्र त्यांनी जिंकली.

१९६०: साहित्य कचऱ्याच्या डब्यात

१९६०चा मोसम त्याच्यासाठी सर्वांत कठीण ठरला. ८ विजय, १३ पराभव. आपल्याला पुरेशी संधी मिळत नाही, अशी तक्रार त्याने सरव्यवस्थापक बझी बव्हासी यांच्याकडे केली होती. मोसमाचा शेवटचा सामना संपल्यावर त्याने आपले ग्लोव्ह आणि बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. संघाच्या साहित्याची देखभाल करणारे नोब कावानो यांनी ते गुपचूप उचलून ठेवले. पुढच्या वर्षी तो परतला तर लागतील, म्हणून.

त्या हिवाळ्यात कोफॅक्सने आणखी एक वर्ष प्रयत्न करून पाहायचे ठरवले. शरीर तंदुरुस्त करून तो १९६१च्या सराव शिबिरासाठी फ्लोरिडात दाखल झाला.

ऑर्लँडोचा सराव सामना

त्या शिबिरात मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध ऑर्लँडोमध्ये एक दुय्यम सराव सामना होता. डॉजर्सकडे त्या दिवशी पिचर कमी होते, त्यामुळे कोफॅक्सला बराच वेळ टाकावे लागणार होते. कॅचर होता नॉर्म शेरी, जो त्याचा खोलीतील सोबतीही होता.

पहिल्याच इनिंगमध्ये त्याने वॉक देऊन तिन्ही बेस भरले. अशा वेळी तो नेहमी करत असे तेच त्याने केले. चिडून आणखी जोरात टाकू लागला. शेरी उठून त्याच्याकडे गेला. त्याचे म्हणणे साधे होते: एवढा जोर लावू नकोस, थोडा सैल टाक, कर्व्हबॉल आणि संथ चेंडू वापर, त्यांना चेंडू मारू दे. हा सराव सामनाच असल्याने गमावण्यासारखे काही नव्हते. कोफॅक्सने ऐकले. त्या सामन्यात त्याने सात इनिंग टाकल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळाला नाही. शेरीच्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की कमी जोर लावूनही चेंडूचा वेग जवळपास तेवढाच राहिला होता.

कमी जोर लावल्याने नियंत्रण कसे आले?

होम प्लेट १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर रुंद. हातातून चेंडू सुटताना दिशा फक्त एका अंशाने चुकली, तर होम प्लेटपाशी पोचेपर्यंत तो साधारण ३० सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणजे मध्यभागी नेम धरलेला चेंडू चौकटीबाहेर पडतो. सगळा जीव एकवटून फेकताना स्नायू आवळले जातात, शरीराचा तोल हलतो आणि चेंडू दर वेळी थोड्या वेगळ्या ठिकाणी हातातून सुटतो. जोर थोडा कमी केला, की तीच हालचाल पुन्हा पुन्हा तशीच करता येते. वेगवान गोलंदाज लयीत असतो असे आपण क्रिकेटमध्ये म्हणतो, ते हेच.

त्याच शिबिरात तंत्रातील एक दोषही दुरुस्त झाला. चेंडू टाकण्यापूर्वी कोफॅक्स शरीर इतके मागे झुकवत असे, की क्षणभर त्याला लक्ष्यच दिसत नसे. डॉजर्सचे केनी मायर्स यांनी हे हेरले आणि ते झुकणे कमी करून घेतले.

१९६१: विक्रमाचे वर्ष

१९६१च्या मोसमात कोफॅक्सने १८ सामने जिंकून दिले, १३ गमावले आणि २६९ स्ट्राइकआउट केले. नॅशनल लीगमधील क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ सालचा २६७ स्ट्राइकआउटचा विक्रम मागे पडला.

पण खरा बदल वॉकच्या आकड्यात दिसतो. दर ९ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याने १९५८मध्ये सुमारे ६ वॉक दिले होते, १९६०मध्ये ५.१. १९६१मध्ये हा आकडा ३.४वर आला आणि १९६३मध्ये १.७वर. त्याच हिशेबाने स्ट्राइकआउट १९६०मधील १०.१वरून १९६१मध्ये ९.५वर आले, म्हणजे किंचित कमीच झाले. विक्रम झाला तो १७५ऐवजी सुमारे २५६ इनिंग टाकल्यामुळे. वॉक घटले, तसा व्यवस्थापकांचा विश्वास वाढला आणि तो नियमित खेळू लागला.

कोफॅक्सच्या पुढील यशात इतर गोष्टींचाही वाटा होता. १९६२मध्ये डॉजर्स पिचरना अनुकूल असलेल्या डॉजर स्टेडियममध्ये आले आणि १९६३मध्ये स्ट्राइक झोन मोठा करण्यात आला. पण १९६१मध्ये यांतले काहीच नव्हते. मैदान तेच कोलिझियम होते आणि चौकटही जुनीच. म्हणूनच सुधारणेची सुरुवात त्याच्या स्वतःच्या हातातून झाली, असे म्हणता येते.

पुढे काय झाले?

१९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षे नॅशनल लीगमध्ये दर ९ इनिंगमागे सर्वांत कमी धावा देणारा पिचर कोफॅक्सच होता. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याने १९६३, १९६५ आणि १९६६मध्ये मिळवला. ९ सप्टेंबर १९६५ रोजी शिकागो कब्जविरुद्ध त्याने ‘परफेक्ट गेम’ टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात एकाही बॅटरला बेसवर पोचू दिले नाही. त्या मोसमात त्याचे स्ट्राइकआउट होते ३८२.

हा बहर फार काळ टिकला नाही. डाव्या कोपराच्या संधिवातामुळे नोव्हेंबर १९६६मध्ये, वयाच्या अवघ्या ३०व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. १९७२मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. या सन्मानासाठी निवडला गेलेला तो सर्वांत तरुण खेळाडू.

ती सहा वर्षे वाया गेली का?

कोफॅक्सची कारकीर्द एकूण १२ मोसमांची. त्यातील निम्मी चाचपडण्यात गेली. सुरुवातीची दोन वर्षे तो मायनर लीगमध्ये दर चार-पाच दिवसांनी सामने खेळला असता, तर शेरीने सांगितलेली गोष्ट त्याला कदाचित विसाव्या वर्षीच उमगली असती. श्रीमंत संघांना आवरण्यासाठी केलेल्या नियमाने एका होतकरू मुलाची शिकण्याची जागाच काढून घेतली. हा बोनस नियम पुढे रद्द झाला.

त्याच्यावर इतकी वर्षे झालेला अन्याय मात्र एका गोष्टीमुळे झाकला जातो: तो पुढे यशस्वी झाला. त्याच नियमाखाली बाकावर बसलेल्या इतर अनेक मुलांना ऑर्लँडोसारखा दिवस मिळाला नाही आणि त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. कोफॅक्सचे नाव त्या यादीत जायला फार थोडे अंतर उरले होते. १९६०च्या अखेरीस ते कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचलेही होते.